शिवदासबुवांची बैठक

घाटकोपरच्या भटवाडीत शिवदास घाडी कुठे राहतात असं विचारलंत, तर लोक तुमच्याकडे नुसते बघत राहतील. बुवा कुठे राहतात असं विचारा. मग पानवालासुद्धा गिऱ्हाईक सोडून चढणीवरची खोली बोटाने दाखवेल. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत उभा जन्म काढून निवृत्त झालेला हा माणूस. पण त्या नोकरीबद्दल त्याला कधी कुणी विचारलं नाही आणि त्यानेही आपण होऊन सांगितलं नाही. त्याची ओळख एकच, डबलबारीचा बुवा.

डबलबारी म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगायचं तर दोन भजनी मंडळं, दोन बुवा आणि समोरासमोर बैठक. आधी एकाने आपली बारी मांडायची. अभंग, गवळण, गजर म्हणायचे, मधूनमधून समोरच्याची टिंगल करायची आणि पुराणातला एखादा प्रश्न त्याच्या अंगावर टाकायचा. मग दुसऱ्याने आपल्या बारीत उत्तर द्यायचं आणि टिंगल व्याजासकट परत करायची. समोरचा गात असताना आपण मांडी घालून, चेहरा हसरा ठेवून ऐकत राहायचं असतं. उठायचं नाही. जो उठला तो हरला, असं मंडपातलं शेंबडं पोरही धरून चालतं. आणि एकदा टाकलेला प्रश्न पुन्हा सांगायचा नाही, हाही रिवाजच.

शिवदासबुवांच्या हातून नेमकी ही बैठकच सुटत चालली होती. गळा ठणठणीत होता, काळी पाचच्या उंच पट्टीत अजूनही आवाज मोकळा फिरायचा. बिघाड खालच्या मजल्यावर होता. साठी उलटल्यावर लघवीला सारखं जावं लागू लागलं. गेलं की ताटकळत उभं राहावं लागे, धार धड येत नसे, आणि परत येऊन टेकतात न टेकतात तोच पुन्हा जावंसं वाटे. ही गोष्ट बाईमाणसाला सांगायची नाही म्हणून त्यांनी बायकोला सांगितली नाही, मुलीला सांगितली नाही. पुरुषाला सांगितली तर तो चारचौघांत दात काढेल, म्हणून मित्रांनाही नाही. बारीच्या दिवशी सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, हा उपाय त्यांनी स्वतःच शोधून काढला आणि त्यावर ते खूश होते. शेवंतीकाकूंना अर्थात सगळं ठाऊक होतं. एका खोलीच्या घरात नवरा बायकोपासून काय डोंबल लपवणार.

गेल्या माघी गणपतीला मात्र तो उपाय फसला. समोर बसले होते नंदूबुवा चिंदरकर. मुलुंडला राहणारे हे नंदूबुवा आणि आपले शिवदासबुवा कणकवलीकडच्या एकाच गावचे, एकाच बाकावर बसून छड्या खाल्लेले. बाहेर गळ्यात गळे, पण बैठकीवर एकमेकांची सालटी काढायला दोघेही मागेपुढे पाहत नसत. हल्ली लाउडस्पीकरच्या नियमामुळे बाऱ्या दुपारीच लागतात. मंडप गच्च भरला होता. नंदूबुवांनी गवळण संपवली, पेटीवर हात ठेवला आणि प्रश्न घालायला घसा खाकरला. त्याच क्षणी शिवदासबुवांच्या ओटीपोटात अशी कळ आली की बसणंच अशक्य झालं. ते उठले. धोतर सावरत मंडपामागे धावले.

परत आले तेव्हा प्रश्न विचारून झाला होता आणि नंदूबुवा जागच्या जागी रचलेला गजर रंगवून म्हणत होते.

बुवा उठले, बुवा पळाले,
पेटी बिचारी एकटी रडे,
प्रश्न लोंबतो मंडपामध्ये,
उत्तर गेले कुणीकडे.

मंडप हसून लोळत होता. शिवदासबुवांनी आपल्या पखवाजवाल्याकडे, भाचा राजेशकडे, वाकून विचारलं, "काय विचारल्यान रे?" त्या गोंगाटात राजेशला धड ऐकू आलं नव्हतं. "समुद्राचं कायतरी होतं मामा," तो म्हणाला. समुद्र म्हटल्यावर बुवांनी आपल्या बारीत समुद्रमंथन काढलं. देव आणले, दानव आणले, चौदा रत्नं एकेक करून वर काढली. लोक पोट धरधरून हसत होते आणि का हसतायत हे बुवांना कळत नव्हतं. प्रश्न होता, समुद्र खारट कशामुळे झाला.

त्याचं उत्तर बुवांना पाठ होतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून पाठ होतं. घरी आल्यावर ते शेवंतीकाकूंना एवढंच म्हणाले, "माका येत होता गो." न येणाऱ्या प्रश्नावर हरलेला माणूस दोन दिवसांत विसरतो. येत असलेल्या प्रश्नावर हरणं फार वाईट. गणपती बसवणाऱ्या मंडळाने पुढच्या माघीला पुन्हा हीच जोडी लावायचं ठरवलं तेव्हा बुवांनी हो म्हटलं, पण आतून ते पार खचले होते. तिथे पुन्हा उठावं लागलं तर पेटी कायमची पलंगाखाली जाणार होती.

तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला त्यांना सर्दी झाली. शेजारच्या चाळीत भजन होतं, आवाज बसू नये म्हणून दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या आणि न विचारता, वर एक जास्त, अशा घेतल्या. गाणारा माणूस नाकाला फार जपतो. नाक मोकळं झालं आणि लघवी ठार बंद झाली. सकाळी थेंब नाही. गरम पाण्यात बसून झालं, नळ सोडून त्याचा आवाज ऐकून झाला. दुपारपर्यंत पोट पखवाजासारखं तट्ट झालं आणि उभा बुवा घामाने निथळू लागला. शेवंतीकाकूंनी मुलीला, नीलमला, फोन केला. ती ऑफिसमधून तशीच आली आणि बापाला रिक्षात घालून इस्पितळात घेऊन गेली. तिथे नळी घातली आणि पिशवी भरू लागली, तेव्हा बुवांच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतकं सुख आपल्याला कुठल्या गजराने दिलं नव्हतं, असं त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं.

"बाबा, सांगायचं तरी ना," नीलम म्हणाली. "वाट लागली असती किडनीची. सर्दीच्या गोळीने आधीच अडलेला रस्ता पूर्ण बंद होतो, डॉक्टर सांगतायत."

प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते, ती वयाने वाढते आणि वाट आवळते, हे बुवांना वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं. गोळ्या देऊन नळी काढून पाहिली, पण लघवी पुन्हा अडली. मग ऑपरेशनशिवाय मार्ग उरला नाही.

दुसऱ्या दिवशी नंदूबुवा केळी घेऊन भेटायला आले आणि खाटेशेजारीच बारी सुरू झाली.

"शिवदासा, माझा आयक," नंदूबुवा म्हणाले. "धा वर्सांमागे मी दुर्बिणीतसून केलंय. खरवडून काढल्यानी, विषय संपलो. धार अजून सरळ. माघीक तू उठलंस, मी उठलंय काय?"

बुवा चाट पडले. आपल्यासमोर इतकी वर्षं ठाण मांडून बसणाऱ्या या माणसाने ऑपरेशन करून घेतलंय, हे त्याने कधी जिभेवर येऊ दिलं नव्हतं.

"नंदूकाका, ते जुनं झालं," नीलमने मोबाइल पुढे केला. "आता लेसर आहे. रक्त कमी जातं, नळी लवकर निघते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी."

"मोबाइलार सगळाच बरा असता," नंदूबुवांनी नाक मुरडलं.

"माका लेसरच व्हया," शिवदासबुवा मध्येच म्हणाले. कारण वैद्यकीय अजिबात नव्हतं. नंदूने खरवडून घेतलंय ना, मग आपण खरवडून घ्यायचं नाही. ह्या दोघांनी आयुष्यात एक चप्पलसुद्धा सारखी घेतलेली नाही.

तेवढ्यात डॉक्टर वसुधा केणी आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, आवाज खणखणीत. ह्या जागेचं ऑपरेशन बाईने करायचं, या कल्पनेनेच बुवांनी आदल्या दिवशी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. डॉक्टरांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या.

"तुम्ही दोघंही बरोबर आहात," त्या म्हणाल्या, "आणि दोघांनीही पेशंट बघितलेला नाही. घाडीकाका, हे कॅन्सरचं दुखणं नाही, ते तपासून झालंय. नुसती वाढलेली ग्रंथी आहे. आता ऐका. खरवडायची पद्धत जुनी आणि भरवशाची. विजेच्या बारीक कडीने आतून थर थर काढत यायचं. मध्यम ग्रंथी असेल तर मी आजही तेच करते. लेसरच्या ह्या पद्धतीत ग्रंथीचा आतला गर वेष्टनापासून सोडवायचा, मूत्राशयात ढकलायचा आणि तिथे बारीक करून ओढून घ्यायचा. धार दोन्हीने सारखीच सुधारते."

शेवंतीकाकू इतका वेळ डबा धरून गप्प बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे एक खोबरा खवणीर खोवचा. आणि दुसरा, सुरी फिरवून अख्खी वाटी करवंटीतसून सोडवची."

डॉक्टर हसल्या. "अगदी तसंच. मी इतकी वर्षं संत्र्याची साल सांगत होते, आता हेच सांगेन."

"मग तुम्ही काय करणार?" नीलमने विचारलं.

"ह्यांची ग्रंथी बरीच मोठी आहे. खरवडत बसायला फार वेळ जाईल. शिवाय ह्यांच्या हृदयात स्टेंट आहे आणि रक्त पातळ ठेवायची गोळी बंद करू नका असं हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. खरवडण्यात रक्तस्राव जास्त. लेसर रक्तवाहिन्या बंद करत पुढे जातं. म्हणून ह्यांना लेसर. नंदूकाकांना त्या वेळी जे केलं तेही योग्यच होतं."

शिवदासबुवांनी नंदूबुवांकडे असं पाहिलं की जणू प्रश्न सुटला. पण डॉक्टरांचं संपलं नव्हतं.

"फुकट काहीच मिळत नाही, काका. लेसरनंतर काही जणांची लघवी काही आठवडे, कधी काही महिने, थेंब थेंब गळते. खोकलं, हसलं, वजन उचललं की. बहुतेकांची पूर्ण थांबते. आणि दोन्ही ऑपरेशनांनंतर वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. धोका नाही त्यात, पण नंतर घाबरू नये म्हणून आधीच सांगते."

बुवा छताचा पंखा पाहू लागले. "आता ह्या वयात तेची काय गरज," शेवंतीकाकू म्हणाल्या आणि तो विषय त्यांनी तिथेच मिटवला.

बुवांच्या डोक्यात मात्र वेगळंच घोळत होतं. "आणि गाताना?" त्यांनी विचारलं.

"वरचा सूर लावताना पोटावर जोर येतो?"

"सूर पोटातसूनच येता, डॉक्टर."

"मग गातानाही गळेल. काही दिवस तरी."

माघीला फार अवकाश राहिला नव्हता. एका वाटेने गेलं तर गोळी थांबवावी लागून हृदयाला धोका, दुसऱ्या वाटेने गेलं तर भर मंडपात वरचा सूर लावताना धोतर भिजण्याची धास्ती. नंदूवर कुरघोडी करायची म्हणून मागितलेलं लेसर आता बुवांना नको नको झालं. त्यांनी शेवंतीकाकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "तुमी रवलात तर गाशात." जिवंत राहिलात तरच गाणं, एवढ्या हिशेबावर बुवांनी सही केली.

ऑपरेशन सरळ पार पडलं. नळी लवकर निघाली. पहिल्यांदा एकटे उभे राहिले तेव्हा थोडी जळजळ झाली, आणि मग धार आली. तरणेपणी गावच्या बांधावर उभं राहून यायची तशी, एकसंध, आवाज करत. बुवा ती ऐकतच राहिले. बाहेरून नीलमने घाबरून दार वाजवलं तर आतून मोठ्याने रामकृष्णहरीचा गजर सुरू होता.

पण डॉक्टर म्हणाल्या होत्या तेही खरं निघालं. काही दिवसांनी घरी पेटी काढली, खालचे सूर छान लागले. वरच्या षड्जाकडे गेले आणि खाली ओलं झालं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. राजेश पखवाज घेऊन समोर बसला होता. बुवांनी भाता बंद केला आणि म्हणाले, "मंडळाक सांग, दुसरो बुवा बघा."

त्या दिवशी शेवंतीकाकूंचं डोकं फिरलं. त्या तरातरा चालत पुढे आल्या. "डॉक्टरनी व्यायाम सांगितल्यानी तो करतास काय?"

बुवा पेटीवरची धूळ पुसू लागले. लघवी मध्येच थांबवताना जे स्नायू आवळतात ते आवळून धरायचे आणि सोडायचे, असा तो व्यायाम होता. बसल्या बसल्या, कुणाला दिसणारही नाही असा. बुवांनी तो दोन दिवस केला होता आणि कंटाळून सोडला होता.

"लहानपणी आवाज लागाक किती वर्सा गेली?" काकूंनी विचारलं. "तो सूर पयल्याच दिवशी लागलो होतो काय? मग ह्याचो रियाज नको? राजेश, वाजव रे भजनी ठेका."

राजेशला काही कळलं नाही, पण मामीसमोर त्याची काय टाप. त्याने ठेका धरला. बुवा डोळे मिटून बसले. एक आवर्तन आवळून धरायचं, एक आवर्तन सैल सोडायचं. ठेका म्हटल्यावर माणूस बदललाच. व्यायामाला कंटाळणारा हा गडी तालाला कधीच कंटाळला नव्हता. पुढे पुढे लय वाढवली, मग द्रुत, मग तिहाई घेऊन समेवर सोडायचं. राजेश रोज संध्याकाळी घाम गाळून वाजवायचा आणि बुवा समोर मुकाट बसलेले असायचे. मामांना वेड लागलं की काय, असं त्याला वाटू लागलं होतं. शेवटी काकूंनी त्याला खरं सांगितलं तेव्हा तो जो हसत सुटला, त्याला ठेकाच धरता येईना. तपासणीला गेल्यावर डॉक्टर केणींनी हा प्रकार ऐकला आणि त्या म्हणाल्या, "करा असंच, झकास चाललंय. पण आता पाणी भरपूर प्या." गळणं हळूहळू कमी होत गेलं. वरचा सूर मात्र बुवांनी लावून पाहिला नाही. त्यांचं धाडस होत नव्हतं.

माघी गणपतीची दुपार आली. मंडप गेल्या वर्षीपेक्षा गच्च, कारण गेल्या वर्षीची फजिती सगळ्यांना आठवत होती. खबरदारी म्हणून बुवांनी धोतराच्या आत कापडाची एक घडी ठेवली होती. पहिली बारी नंदूबुवांची. त्यांनी सावकाश, रंगवून, मुद्दाम लांबवत गायला घेतलं. प्रत्येक अभंगानंतर ते शिवदासबुवांकडे बघत आणि लोकांकडे बघत. लोकही वाट बघत होते. शिवदासबुवांनी शेजारचा तांब्या उचलला, सगळ्यांना दिसेल असं गटागटा पाणी प्यायले आणि मांडी घालून बसून राहिले. नंदूबुवांची गवळण झाली, गजर झाला, प्रश्नही झाला. बुवांनी तो शब्दन् शब्द ऐकला. बारी संपली तेव्हा हा माणूस होता तिथेच होता, आणि मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या.

मग पेटी शिवदासबुवांनी पुढे ओढली. आजच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी चुटकीसरशी दिलं आणि भाता धरून थांबले.

"गेल्या वर्षीचा एक उत्तर बाकी आसा," ते म्हणाले. "समुद्र खारट कशामुळे झालो. मी तेव्हा उठान गेलंय, म्हणान माका आयकाक येवक नाय. खंय गेल्लंय ता तुमका सगळ्यांका ठावक आसा. आज उत्तर आयका."

बुवांनी चाल धरली आणि कथा गाऊन सांगितली. अगस्ती ऋषींनी समुद्र एका घोटात प्यायला. देवांचं काम झालं, मग देव हात जोडून म्हणाले, समुद्र परत द्या. ऋषींनी तो लघवीवाटे बाहेर सोडला, तेव्हापासून समुद्र खारट. लोक हसायला लागले. बुवांनी हात वर केला.

"हसा. पण इचार करा. एवढो थोर ऋषी, तेका देवांसमोर लाज वाटली नाय. आणि आमी? आमची अडकली तरी बायकोक सांगूचा नाय, डॉक्टराक सांगूचा नाय, पाणी सोडूचा, गोळये खावचे आणि मरणाच्या दारात जावचा. माझी अडकली होती. डॉक्टरबाईन लेसरान मोकळी केल्यान. समोर बसलो हा, ह्या नंदूची खरवडून मोकळी केल्यानी. जेका जी लागू, ती डॉक्टर ठरयतले. लाज तेवढी घरात ठेवा."

आणि तो सूर, इतके दिवस टाळलेला वरचा षड्ज, त्यांनी त्याच झपाट्यात लावला. ठरवून नाही, गजराच्या ओघातच तो लागला. राजेशचा पखवाज कडाडला. बुवांनी सूर धरला, धरून ठेवला, आणि खाली सगळं कोरडं होतं. त्यांना ते कळलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि बायकांच्या रांगेत शेवंतीकाकूंना शोधलं. काकूंना त्या नजरेतूनच कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडल्या.

मागच्या रांगेतून एक म्हातारा उभा राहिला. "बुवानू," त्याने ओरडून विचारलं, "दवाखानो खंय?" त्यावर मंडपात जो हशा उसळला त्यात कित्येक म्हातारे हसत नव्हते, कान देऊन ऐकत होते. बुवांनी गाता गाता गजरातच पत्ता सांगितला.

आणि मग, शिवदासबुवांची बारी रंगात असताना, नंदूबुवा बैठकीवरून उठले.

उठला तो हरला, हे नंदूबुवांनाही ठाऊक होतं. लोकांना वाटलं आता हेही मंडपामागे जाणार. पण ते मागे गेले नाहीत. गळ्यातला मंडळाने घातलेला हार काढत, सगळ्यांच्या देखत ते दोन बैठकांमधली मोकळी जागा ओलांडून आले आणि तो हार त्यांनी शिवदासबुवांच्या गळ्यात घातला. "उठलंय रे मी," ते म्हणाले. "लिवन घे."

शिवदासबुवा मात्र उठले नाहीत. बसल्या जागेवरूनच त्यांनी एका हाताने नंदूला जवळ ओढलं, आणि दुसऱ्या हाताने पेटी वाजतच ठेवली.